अभिरुची : वारसा की व्यासंग?

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पुरी केलेल्या संस्थेच्या मांडवात उभे राहिल्यावर तिचे गुणगान करावे, हा वक्त्याचा पहिला धर्म मानला जातो. ते काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझ्याहून अधिक अधिकाराने केले आहे. म्हणून मी आज एका शब्दापुरतेच बोलणार आहे. वाचकांची अभिरुची संपन्न करणे, अशा अर्थाचे एक वाक्य बहुतेक मराठी ग्रंथालयांच्या उद्दिष्टांत असते. आपण ते इतक्या वेळा वाचलेले आणि ऐकलेले असते की, ही अभिरुची म्हणजे काय, ती कोणाजवळ असते आणि ती कोठून येते, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

‘रुची’ हा मूळचा जिभेचा शब्द. तिखट, आंबट, गोड यांची रुची राजालाही असते आणि रंकालाही. पण तिच्यामागे ‘अभि’ हा उपसर्ग लागला की तिचे रूपच पालटते. मग ती काहींना असते आणि काहींना नसते. ‘घरंदाज माणसे आहेत, आवड चांगली आहे’ असे आपण सहज बोलून जातो. या वाक्यातला पूर्वार्ध घराण्याविषयी आहे आणि उत्तरार्ध आवडीविषयी. दोहोंमध्ये फक्त एक स्वल्पविराम आहे. त्या स्वल्पविरामात काय दडले आहे, हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आपल्या परंपरेत रसिकाची दोन चित्रे आहेत. पहिले वात्स्यायनाच्या कामसूत्रातील नागरकाचे. हा नागरक आधी आपल्या वर्णाला उचित अशा मार्गाने धन मिळवतो किंवा ते त्याला वारशाने मिळते. मग तो नगरात घर बांधतो आणि मगच रसिक होतो. त्याच्या खोलीचे वर्णन मोठे बारकाईचे आहे. खुंटीला वीणा टांगलेली, जवळ चित्रफलक आणि रंगाच्या कांड्यांची पेटी, फुलांच्या माळा, आणि एक पुस्तक. कोणते पुस्तक? वात्स्यायन म्हणतो, कोणतेही. वीणा कोठे टांगावी हे ज्याने सांगितले, त्याने पुस्तक कोणते असावे हे सांगण्याची तसदी घेतली नाही. त्या खोलीत पुस्तक असणे महत्त्वाचे आहे. ते वाचलेले असणे महत्त्वाचे नाही. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात एकाच रंगाच्या बांधणीचे संच मांडून ठेवण्याची आपली हौस किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे चित्र काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी रेखाटले. त्याच्या रसिकाचे नाव सहृदय. काव्याच्या निरंतर अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशी जो तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. या व्याख्येत घर नाही, धन नाही, नगरही नाही. आहे तो केवळ अभ्यास. आरसा जन्मतः निर्मळ असतो असेही अभिनवगुप्त म्हणत नाही. तो अभ्यासाने निर्मळ होतो.

नागरक आणि सहृदय ही अभिरुचीची दोन कुळे आहेत. एकाची अभिरुची स्थानातून येते, दुसऱ्याची व्यासंगातून. आपली अडचण अशी की, आपण व्याख्या सहृदयाची सांगतो आणि व्यवहारात मान मात्र नागरकाला देतो.

नागरकाचा हा वरचष्मा संस्कृत साहित्यशास्त्रातही उमटलेला दिसतो. तेथे ‘ग्राम्यत्व’ हा दोष सांगितला आहे. वामनाच्या मते जो शब्द केवळ सामान्य लोकांच्या वापरात आहे, तो ग्राम्य. शब्द कर्णकटू आहे की नाही, अर्थ नेमका पोहोचतो की नाही, हा येथे प्रश्नच नाही. तो कोणाच्या तोंडी आहे, एवढाच निकष. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ग्राम्य शब्दाचे उदाहरण म्हणून ‘कटि’ हा शब्द दिला आहे. पुढे काय झाले ते पाहा. मराठीत फारसीतून आलेला ‘कंबर’ हा शब्द रोजच्या बोलण्यात रुळला आणि ‘कटी’ हा भारदस्त, पूजेअर्चेचा शब्द ठरला. विटेवर उभ्या असलेल्या पांडुरंगाचे हात जेथे टेकले आहेत, त्या जागेचे नाव आज कोणाला ग्राम्य वाटेल? शब्द तोच आहे. तो उच्चारणारे बदलले आणि त्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही बदलली.

हे केवळ प्राचीन शास्त्रकारांपुरते नाही. पिएर बूर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७-६८ मध्ये आपल्या देशातील १,२१७ लोकांना त्यांच्या आवडीनिवडी विचारल्या आणि त्यांवर आधारलेला ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध केला. कोणते संगीत आवडते, घरातील सामान कोठून घेता, इथपासून ते कोणत्या वस्तूचे छायाचित्र सुंदर येऊ शकेल, इथपर्यंत त्याचे प्रश्न होते. या वस्तूंत कोबीचे गड्डेही होते. कोबीच्या छायाचित्रात सौंदर्य असू शकते असे म्हणण्याकडे अधिक शिकलेल्यांचा कल होता. कष्टकऱ्यांना सूर्यास्ताचे छायाचित्र सुंदर वाटे. आपण ज्याला स्वतःची निवड समजतो, तिच्यावर जन्माचा, शिक्षणाचा आणि मिळकतीचा ठसा किती खोल असतो, हे त्याने दाखवून दिले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कोबीकडे निव्वळ आकार म्हणून पाहण्यासाठी, तो आज रात्री शिजवायचा आहे ही चिंता मनात नसावी लागते.

अभिनवगुप्ताच्या ‘अभ्यास’ या निर्मळ शब्दात वर्ग शिरतो तो याच वाटेने. अभ्यासाला सवड लागते, दिवा लागतो, पुस्तक लागते आणि आजूबाजूला थोडी शांतता लागते. या चारही गोष्टी विकत मिळतात. ज्याच्या घरी त्या पिढ्यानपिढ्या आहेत, त्याला आपण अभ्यास केला हे आठवतही नाही. लहानपणी कानावर पडलेले, सहज हाताशी लागलेले त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मग तो म्हणतो, ‘ही दृष्टी उपजतच असावी लागते.’ वारशाने मिळालेला पैसा निदान वारशाचा म्हणून ओळखू येतो. वारशाने मिळालेली अभिरुची मात्र स्वतःच्या गुणाच्या नावावर जमा होते.

आपल्या शहरात याचे एक बोलके उदाहरण आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. १८९० च्या सुमारास ती पूर्ण झाली आणि राजवाड्यात लागण्यापूर्वी सामान्य जनांसाठी प्रदर्शितही झाली. रविवर्म्याने आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, अशी सूचना पूर्वी बडोद्याचे दिवाण असलेल्या सर टी. माधवराव यांनी केली होती. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला यांची चित्रे दगडी छापावर निघू लागली. जी लक्ष्मी पूर्वी देवळाच्या गाभाऱ्यात होती आणि ज्या लक्ष्मीचे तैलचित्र फक्त दरबारी मंडळींना दिसत असे, ती आता चाळीतल्या खोलीत, पेढीवर, हलवायाच्या दुकानात येऊन बसली.

आणि मग काय घडले? जाणकारांना रविवर्मा आवडेनासा झाला. आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञांनी त्याच्या चित्रांतील नाटकीपणावर कठोर टीका केली. ती टीका विचारपूर्वक केलेली होती, तिच्यात तथ्यही होते आणि ती मी हलकी लेखत नाही. पण त्या मर्मज्ञांच्या मागोमाग जी मोठी रांग चालू लागली, तिच्यापाशी कलेचा असा काही विचार नव्हता. ‘कॅलेंडरावरचे चित्र’ हा शब्दप्रयोग तिला पुरेसा होता. चित्रात कोणता दोष आहे हे त्यांना सांगता येत नव्हते; ते चित्र कोणाच्या भिंतीवर आहे, हे मात्र पक्के ठाऊक होते. पुढे १९७९ मध्ये रविवर्म्याची चित्रे राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाली आणि एके काळी अगरबत्तीच्या धुराने काळवंडलेले तेच छापील कागद आता संग्राहक मोठी किंमत मोजून विकत घेतात. देवघरातील लक्ष्मी पुन्हा दिवाणखान्यात गेली आहे. तिच्या चेहऱ्यावरील एक रेषाही या शंभर-सव्वाशे वर्षांत बदललेली नाही.

येथे कोणी विचारील, तर मग अभिरुची हे सारे थोतांडच म्हणायचे काय? जो तो आपापल्या वर्गाचा गुलाम आणि कोणतेही पुस्तक दुसऱ्याइतकेच चांगले, असेच ना? मी आयुष्यभर साहित्य शिकवीत आलो आहे. असे मानले असते तर वर्गात उभे राहण्याचे धैर्य मला झाले नसते. चांगले आणि सुमार यांत फरक असतो. पहिल्या वाचनात खिळवून ठेवणारे पुस्तक दुसऱ्या वाचनात हाती काही लागू देत नाही; दुसरे एखादे पुस्तक दहा वर्षांनी उघडावे तर त्यात पूर्वी न दिसलेले काही दिसते. हा फरक वाचकाने कोणत्या आळीत जन्म घेतला यावर अवलंबून नाही. म्हणून मी नागरकाची आवड आणि सहृदयाची पारख या गोष्टी वेगळ्या मानतो. नागरकाला, कोणत्या पुस्तकाची लाज वाटायला हवी, हे माहीत असते. सहृदयाला दोन पुस्तकांतील अंतर माहीत असते, आणि ते का आहे हे तो सांगू शकतो. मुख्य म्हणजे सहृदयाचे मत बदलू शकते. कारण त्याच्या मतावर त्याची प्रतिष्ठा टांगलेली नसते.

मराठी साहित्याचा गेल्या काही दशकांचा इतिहास ही या दोन कुळांची परीक्षाच होती. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती, आणि त्या कवितेतील जग व तेथील कित्येक शब्द आपल्या ओळखीचे नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले होते. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले. या लेखनावर पहिला आक्षेप कोणता आला? ते असत्य आहे, असा आला नाही. त्याची भाषा अभिरुचीला सोडून आहे, असा आला. वामनाचा ग्राम्यत्व दोष बाराशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला. ज्या दुःखाबद्दल आपल्याला ऐकायचे नसते, त्याच्या भाषेतील चुका काढणे सोपे असते. ज्यांनी तो पडदा बाजूला सारून वाचले, त्यांच्या मनाचा आरसा थोडा अधिक निर्मळ झाला. ज्यांनी नाक मुरडले, त्यांची ‘अभिरुची’ शाबूत राहिली. पण मराठी साहित्य त्यांच्या अंगणाबाहेर निघून गेले होते.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण याहून वेगळे आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. ‘अशिक्षित बाईची गाणी’ म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, तेव्हा आपण नकळत त्यांचा अभ्यास नाकारत असतो. ओवी, कीर्तन, म्हणी, सणावारांची गाणी यांत मुरलेला कान हा अभ्यासच होय. सहृदयतेची शाळा एकच नाही. तिच्या काही शाळांना फळा आणि खडू नसतात एवढेच.

बाबूराव अर्नाळकरांचेही नाव घेतले पाहिजे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाला साहित्याच्या इतिहासकारांनी बहुधा ओळभर जागाही दिली नाही. झुंजार आणि काळा पहाड यांची पुस्तके मात्र हातोहात फिरून जीर्ण झाली. ‘मुलाने मागितले आहे’ असे सांगून, वर एक वैचारिक ग्रंथ ठेवून, खाली झुंजार घरी नेणारे प्रतिष्ठित सभासद प्रत्येक जुन्या ग्रंथपालाच्या आठवणीत असतात. अर्नाळकरांना हरिभाऊ आपट्यांच्या पंक्तीला बसवा, असे मी म्हणणार नाही. पण हजारो माणसांना पान उलटण्याची सवय त्यांनी लावली आणि त्या सवयीवाचून कोणताही व्यासंग सुरू होत नाही. पहिल्या पायरीला हसणारा माणूस बहुधा वरच्या मजल्यावरच जन्मलेला असतो.

आता ग्रंथालयाकडे येतो. बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी वेगळी सोय झाली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या विनामूल्य फिरू लागल्या. गावाने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, अशी गावच्या ग्रंथालयाची योजना होती. या योजनेच्या मुळाशी एक साधा पण क्रांतिकारक विचार होता. ज्याला पुस्तक विकत घेता येत नाही, त्यालाही ते वाचता यावे. अभ्यासाला लागणाऱ्या ज्या चार गोष्टी मी मघाशी सांगितल्या, त्यांतील पुस्तक, दिवा आणि शांतता या तीन गोष्टी ग्रंथालयाने बाजारातून उचलून सार्वजनिक केल्या. नागरकाच्या खोलीतले पुस्तक सहृदयाच्या हाती देण्याची ही युक्ती होती.

पण याच शहराची दुसरी एक आठवण आपण विसरता कामा नये. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यासाठी येथे आले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आलेल्या या तरुणाला बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. आपली ओळख लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. त्या ओसाड वरच्या मजल्यावर विजेचा दिवा नव्हता; एक लहानसा कंदील होता आणि त्याचा उजेड काही इंचांपलीकडे पोहोचत नव्हता. त्या एकांतात आपण पुस्तकांत बुडून गेलो, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. कमाटीबागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली.

ग्रंथालयांच्या चळवळीने गाजणाऱ्या शहरात एक थोर वाचक इंचभर उजेडात वाचत होता. या प्रसंगातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, ‘आधी सुसंस्कृत व्हा, मग समाज तुम्हाला आपल्यात घेईल’ हे आश्वासन खोटे होते. त्यांच्याहून अधिक व्यासंगी माणूस त्या दिवशी बडोद्यात शोधावा लागला असता, तरीही दार उघडले नाही. दुसरी ही की, समाजाने दार उघडण्याची वाट त्यांच्या व्यासंगाने पाहिली नाही. अभिरुचीने वर्ग जिंकता येत नाही आणि वर्गाच्या परवानगीवाचून अभिरुची थांबतही नाही.

या पार्श्वभूमीवर आपण आपल्याकडे पाहावे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना अभिरुचीचा हा काच चांगला परिचयाचा आहे. आपल्या मराठीतील गुजराती वळणे ऐकून पुण्याकडचे पाहुणे जे मंद स्मित करतात, ते आपण सर्वांनी कधी ना कधी सोसले आहे. तेव्हा आपल्याला वाटते, भाषा केवळ एकाच शहराची आहे काय? हा प्रश्न रास्त आहे. पण तोच प्रश्न आपल्यालाही कोणी विचारला तर? गायकवाडांबरोबर येथे सरदार आले, कारकून आले, तसेच शिलेदार, माहूत, खिदमतगार आणि झाडलोट करणारेही आले. तीही मराठीच कुटुंबे. आपल्या सभासद-नोंदवहीत, पुस्तक-निवड समितीत आणि आजच्या या सभागृहात त्यांचे वंशज किती आहेत, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. १८८५ मध्ये ग्रंथकारसभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले; त्या सभेतील पुस्तकांशी शूद्रातिशूद्रांच्या जगण्याचा मेळ बसत नाही, असे त्यांनी कळवले. जे येत नाहीत, त्यांना रुची नाही असे आपण समजतो. त्यांना निरोप काय पोहोचला आहे, याची चौकशी आपण करत नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने तीन लहान सूचना करतो. पुस्तक-निवड समितीत दरवर्षी निदान दोन सभासद असे घ्यावेत की, ज्यांच्या घरात वाचणारी ही पहिलीच पिढी आहे. वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवावा. कारखान्यातून किंवा दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक आटोपून येणाऱ्या माणसाची सवड आठ वाजता सुरू होते आणि आपले दार त्याच सुमारास बंद होते. आणि अनामत रकमेसाठी कोणीही परत जाणार नाही, एवढा निधी आश्रयदात्यांनी उभा करावा. पुस्तक, दिवा आणि शांतता आपण शंभर वर्षांपूर्वीच दिली. चौथी गोष्ट जी सवड, ती ग्रंथालयाला देता येत नाही. ज्याच्याकडे ती थोडी आहे, त्याच्या वेळेला जुळवून घेणे मात्र आपल्या हाती आहे.

अभिरुचीची परीक्षा आपण दारातच घेऊ नये. ती घ्यायचीच असेल तर आत येऊन दहा वर्षे वाचलेल्या माणसाची घ्यावी. आणि त्याची उत्तरे आपल्या उत्तरांशी जुळली नाहीत, तर परीक्षकांनी आपलेही पेपर एकदा पुन्हा तपासून पाहावेत. तेवढी तयारी ठेवणारे ग्रंथालय दुसरे शतक निश्चिंतपणे सुरू करू शकेल, असा विश्वास व्यक्त करून आपली रजा घेतो.